‘७९ टक्के’ कसे वाचायचे? छापे, सुटका आणि पुराव्याची मोजपट्टी

२०१८ साली सांगलीच्या ‘संग्राम’ म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाव ‘रेडेड’. पोलिसांच्या छाप्यांत ‘सुटका’ झालेल्या २४३ स्त्रियांची माहिती त्यात आहे. त्यातल्या १९३ जणींनी, म्हणजे ७९ टक्के स्त्रियांनी, सांगितलं की छापा पडला तेव्हा त्या स्वतःच्या मर्जीने धंद्यात होत्या आणि त्यांना सुटका नको होती.

हा आकडा ऐकला की दोन प्रतिक्रिया येतात. एक: ‘बघा, सुटका म्हणजे निव्वळ ढोंग आहे.’ दुसरी: ‘हे काय, त्यांच्याच संघटनेने त्यांनाच विचारलंय.’ गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं इथेच वाचायची थांबतात. आपण मात्र इथून पुढे वाचायचं आहे. पेट, नेट, सेटची तयारी करणाऱ्या आणि सामाजिक आरोग्यासारख्या विषयात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींचा एक समज असतो की चिकित्सा म्हणजे न पटलेल्या पेपरमधल्या चुका काढणं. खरी परीक्षा पटलेल्या पेपरवर होते.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्यावरही लक्ष ठेवता येईल. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने केलेलं सेक्स वर्क आणि त्याभोवतीचं रोजचं जगणं फौजदारी कायद्याच्या बाहेर असावं, असं मला वाटतं. पण त्यासाठी ७९ टक्के हा आकडा वापरायला मी तयार नाही. का, ते बघू.

आधी शब्द नीट लावू

या वादात तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. पहिली, कायदेशीर नियमन: परवाने, नोंदणी, ठरवून दिलेल्या जागा. दुसरी, स्वीडनने १९९९ मध्ये आणलेली पद्धत: विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. तिसरी, डीक्रिमिनलायझेशन, म्हणजे सज्ञानांच्या संमतीच्या व्यवहारावरची फौजदारी कलमं काढून टाकणं आणि बाकी सगळं इतर कामांसारख्याच सामान्य कायद्यांवर सोडणं. न्यूझीलंडने २००३ साली हा तिसरा मार्ग घेतला, तोही ६० विरुद्ध ५९ मतांनी. आणि तिथेही तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी स्त्रियांना या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. म्हणजे ‘न्यूझीलंडमध्ये सगळं सुरळीत झालं’ हे वाक्यही अर्धवटच.

आपल्याकडे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा आहे, बोलीभाषेत ‘पिटा’. या कायद्यात पैसे घेऊन संबंध ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुण स्त्रियांना सुधारगृहातून सोडताना हेच स्पष्ट केलं होतं. मग गुन्हा कशाला म्हटलंय? ग्राहकाला बोलावणं (कलम ८). देऊळ, शाळा, दवाखान्यासारख्या जागांपासून २०० मीटरच्या आत धंदा करणं (कलम ७). ‘कुंटणखाना’ चालवणं (कलम ३), आणि व्याख्येप्रमाणे दोन स्त्रिया एकमेकींच्या फायद्यासाठी एकच खोली वापरत असतील तरी तो कुंटणखाना होऊ शकतो. तिच्या कमाईवर जगणं (कलम ४), त्यात अठरा वर्षांवरचं कुणीही येऊ शकतं, कॉलेजला जाणारा मुलगा किंवा म्हातारी आईसुद्धा. आणि कलम १७ प्रमाणे दंडाधिकारी स्त्रीला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात.

थोडक्यात, काम गुन्हा नाही, पण ते सुरक्षितपणे करायला जे जे लागतं ते जवळजवळ सगळं गुन्हा आहे. सोबतीण ठेवली तर कुंटणखाना, एकटी उभी राहिली तर कलम ८. कायद्याची ही रचना कळण्यासाठी कुठल्याही सर्वेक्षणाची गरज नाही, कायदा वाचला तरी पुरतं. लक्षात ठेवा, याच्यावर आपण परत येणार आहोत.

२४३ जणी आल्या कुठून?

आता आकड्याकडे. कुठलीही टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न छेदाचा. २४३ पैकी १९३, ठीक. पण हे २४३ कशातले? छाप्यात उचललेल्या सगळ्या स्त्रियांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या या २४३ नाहीत. सुटकेनंतर संशोधकांना ज्या भेटू शकल्या, त्या या आहेत.

समजा एका भागात काही वर्षांत १००० स्त्रियांना छाप्यांतून नेलं. त्यातली जी मर्जीने धंद्यात होती ती सुटल्यावर बहुधा परत त्याच गल्लीत, त्याच मैत्रिणींमध्ये येईल. संघटनेच्या कार्यकर्तीला ती सहज भेटेल. जिला फसवून आणलं होतं ती सुटल्यावर लांब गावी जाईल, नाव बदलेल, लग्न करेल, या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. ती भेटणार कशी? याचा अर्थ ‘मर्जीने होते’ म्हणणारी स्त्री नमुन्यात येण्याची शक्यता मुळातच जास्त आहे. याला निवडीतला पूर्वग्रह म्हणतात. नमुना २४३ चा २४३० केला तरी तो जात नाही, कारण दोष नमुन्याच्या आकारात नाही, रस्त्यात आहे. विज्ञान शाखेतली मुलं इथे नेहमी ‘सॅम्पल साइज वाढवा’ म्हणतात. नाही. चुकीच्या चाळणीतून दहापट धान्य चाळलं तरी चाळण तीच राहते.

म्हणून ‘छाप्यात सापडणाऱ्या ७९ टक्के स्त्रिया मर्जीने धंद्यात असतात’ हे वाक्य या अभ्यासावरून म्हणता येत नाही. अभ्यास एवढंच सांगतो की या २४३ जणींपैकी १९३ जणींनी असं सांगितलं.

शिवाय ‘छाप्याच्या वेळी’ हे शब्द सोडू नका. एखादी मुलगी सतराव्या वर्षी फसून आलेली असू शकते आणि तिशीत स्वतःच्या निर्णयाने तिथे राहिलेली असू शकते. प्रवेश आणि टिकून राहणं हे दोन वेगळे चल आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की दोन्ही बाजूंचं गणित बिघडतं.

कोण विचारतंय, कुठे विचारतंय?

दुसरा आक्षेप मापनाचा. ‘संग्राम’ १९९२ पासून सांगली भागात काम करते. वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, ही स्त्रियांची स्वतःची संघटना १९९६ पासून आहे. दोघींची भूमिका जगजाहीर आहे. अशा वेळी उत्तर देणारी समोरच्याला आवडेल ते बोलू शकते. आक्षेप खरा आहे.

पण मग हीच मोजपट्टी दुसरीकडेही लावा. छाप्यानंतर पोलीस ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्यांपुढे तीच स्त्री काय सांगेल? ‘मर्जीने करते’ म्हटलं तर आरोपी व्हायची भीती, ‘फसवून आणलं’ म्हटलं तर पीडित म्हणून सहानुभूती. म्हणजे सरकारी कागदावरचा ‘पीडितांचा’ आकडा उलट्या दिशेने झुकलेला असणार. संघटनेच्या खोलीत मिळालेलं उत्तर संशयास्पद आणि कोठडीत मिळालेलं उत्तर प्रमाण, हे कुठलं शास्त्र?

मग आकडा फेकून द्यायचा का?

अजिबात नाही. संशोधन शिकणाऱ्याने इथे एक फरक पक्का करून घ्यावा. ‘किती?’ हा एक प्रश्न आणि ‘असं होतं का?’ हा दुसरा. पहिल्याला प्रातिनिधिक नमुना लागतो, दुसऱ्याला लागत नाही.

छाप्यांमागचं गृहीतक असं आहे की आत सापडलेली प्रत्येक स्त्री ही सोडवून घ्यायची बळी आहे. सरसकट दाव्याला खोटं ठरवायला एक अपवाद पुरतो, इथे १९३ आहेत. छेद काहीही असो, अंश कुठे जात नाही. एवढ्या स्त्रियांना स्वतःच्या इच्छेविरुद्ध उचललं गेलं ही गोष्ट नमुन्याच्या दोषाने पुसली जात नाही.

त्याच न्यायाने उरलेल्या ५० जणीही पुसल्या जात नाहीत. हक्कांच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक ७९ म्हणताना २१ गिळतो. धंद्यात कुणी जबरदस्तीने आणलेलीच नसते, असा दावा कुणी करत असेल तर तोही मोडायला थोडे अपवाद पुरेसे आहेत. आणि म्हणूनच डीक्रिमिनलायझेशनच्या मागणीत मानवी तस्करी (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १४३), बलात्कार आणि अल्पवयीनांचं शोषण हे गुन्हे जसेच्या तसे राहतात.

समोरच्या बाजूचा पेपर

आता विरोधातला पुरावा. २०१३ साली ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात चो, ड्रेहर आणि नॉयमायर यांचा पेपर आला. जवळपास १५० देशांची तुलना करून त्यांनी म्हटलं की जिथे वेश्याव्यवसाय कायदेशीर आहे तिथे तस्करीचा ओघ जास्त नोंदला जातो. युक्तिवाद साधा आहे: कायदेशीर झालं की बाजार वाढतो आणि वाढलेल्या बाजाराबरोबर तस्करीही वाढते. उलट परिणामही शक्य आहे, म्हणजे कायदेशीर मार्गाने काम करणाऱ्या वाढल्याने तस्करीची गरज कमी होणं. लेखकांनी हे दोन्ही प्रामाणिकपणे मांडलंय आणि त्यांच्या माहितीत पहिला परिणाम वरचढ निघाला.

अडचण मापात आहे. ओघ मोजलाय तो संयुक्त राष्ट्रांच्या अहवालावर आधारलेल्या ० ते ५ अशा श्रेणीने, आणि ती श्रेणी नोंदींवर उभी आहे. ज्या देशात पोलीस ठाण्यात जायची भीती कमी, पत्रकार मोकळे, संस्था जाग्या, तिथे नोंदी जास्त होणारच. हे घटक समीकरणात घालायचा प्रयत्न लेखकांनी केलाय, पण एका वेळच्या आडव्या तुलनेत ते पूर्ण वेगळे काढता येत नाहीत. शिवाय मघाशी वेगळ्या केलेल्या धोरणांपैकी नियमन आणि डीक्रिमिनलायझेशन ‘कायदेशीर’ या एकाच रकान्यात बसतात.

बघा, ‘रेडेड’ला जो प्रश्न विचारला तोच इथे विचारला: मोजलं ते खरोखर काय आहे? ज्यांना पहिल्या अभ्यासातला पूर्वग्रह लगेच दिसला आणि दुसऱ्यातला दिसला नाही (किंवा उलट), त्यांनी पेपर वाचला नाही, फक्त निष्कर्ष वाचला.

जास्त वजनाचा पुरावा कुठे आहे?

मला सगळ्यात भक्कम वाटणारा अभ्यास इंडोनेशियातला आहे. पूर्व जावातल्या मलांग जिल्ह्याने २०१४ मध्ये तिथल्या वस्त्या अचानक बंद करून धंदा गुन्हा ठरवला. शेजारच्या भागात तसं झालं नाही. योगायोगाने कॅमेरॉन, सीगर आणि शाह या संशोधकांनी वेगळ्याच कामासाठी दोन्हीकडची माहिती आधीच गोळा केली होती. नंतर त्यांनी पुन्हा मोजलं. लैंगिक आजारांचं प्रमाण, तेही तोंडी विचारून नाही तर तपासणी करून, ५८ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. २०२१ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ने हा पेपर छापला.

ही पद्धत समजून घ्या. समजा देवळा तालुक्यात ठिबकसाठी जादा अनुदान आलं, शेजारच्या कळवणला आलं नाही. फक्त देवळ्याचं आधीचं आणि नंतरचं कांद्याचं उत्पन्न बघितलं तर चांगल्या पावसाचं श्रेयही अनुदानाला मिळेल. पण पाऊस कळवणलाही झाला. म्हणून देवळ्यातल्या बदलातून कळवणमधला बदल वजा करायचा, उरेल तो अनुदानाचा परिणाम. अट एकच: अनुदान नसतं तर दोन्हीकडची चाल सारखी राहिली असती, हे पटलं पाहिजे. टीका करायची असेल तर या अटीवर करा.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्यातलं बायणा. वास्कोची ही वस्ती जून २००४ मध्ये, भर पावसाळ्यात, बुलडोझर लावून पाडली. त्या काळात तिथे एचआयव्ही प्रतिबंधावर संशोधन करणाऱ्या शाहमनेश आणि सहकाऱ्यांचा गुणात्मक अभ्यास २००९ मध्ये ‘सोशल सायन्स अँड मेडिसिन’मध्ये आला. धंदा संपला नाही. तो विखुरला, लपला, आणि जिथे आरोग्य कार्यकर्त्या पोचत होत्या तिथे पोचणं अवघड झालं. इथे तुलनेचा गट नाही, ५८ टक्क्यांसारखा आकडा नाही. पण मलांगचा आकडा ‘किती’ सांगतो आणि बायणा ‘कसं’ सांगतं. गुणात्मक पेपरला कमी लेखणाऱ्या विज्ञानवाल्यांनी हे ध्यानात घ्यावं, मी त्यातलीच आहे म्हणून बोलते.

तिसरा आधार प्लॅट आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा आढावा, ‘प्लॉस मेडिसिन’मधला. ४० संख्यात्मक आणि ९४ गुणात्मक अभ्यास. निष्कर्ष: ज्यांना पोलिसी दडपशाहीला तोंड द्यावं लागलं त्यांच्यात हिंसेचा ऑड्स रेशो जवळपास ३. वर्तमानपत्री भाषेत याचं ‘तिप्पट धोका’ होतं. पण ऑड्स आणि धोका एक नाहीत. समजा दडपशाही न भोगलेल्या १०० पैकी २० जणींना हिंसा सोसावी लागली. ऑड्स झाले २० ला ८०, म्हणजे ०.२५. त्याचे तिप्पट ०.७५, म्हणजे १०० मध्ये सुमारे ४३. धोका २० वरून ४३, दुपटीहून थोडा जास्त. तोही भयंकरच आहे, मग फुगवून कशाला सांगायचा?

इथेही शंका हवी. यातले बरेचसे अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी विचारतात. जिथे हिंसा जास्त तिथेच पोलीस जास्त जात असतील का? शक्य आहे. पण मलांगमध्ये आधी बंदी आली, मग आजार वाढले. वेगवेगळ्या दोषांचे अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा विश्वास वाढतो, कारण सगळ्यांचे दोष एकाच बाजूला झुकलेले असण्याची शक्यता कमी होत जाते.

आकड्यांनी न सुटणारा भाग

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं. समजा उद्या कुणी अगदी निर्दोष सर्वेक्षण केलं आणि मर्जीने धंद्यात असणाऱ्या ७९ नाही तर फक्त १० टक्के निघाल्या. मग त्या दहा टक्क्यांना वर्षभर बंद करून ठेवणं योग्य ठरेल का? एखाद्या सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध ‘संरक्षणासाठी’ कोंडणं हा टक्केवारीचा प्रश्नच नाही. आपण हक्काची बाजू आकड्यावर उभी केली तर आकडा हलला की हक्कही हलतो. माझा ७९ टक्क्यांना मुख्य आक्षेप हा आहे, नमुन्याचा नंतरचा.

‘पण ती मर्जी खरी असते का, गरिबीच तिला ढकलते’ असं लगेच म्हटलं जातं. रोहिणी साहनी आणि कल्याण शंकर यांनी १४ राज्यांतल्या ३००० स्त्रियांच्या सर्वेक्षणावर काम केलंय. त्यात असं दिसतं की अनेकजणी आधी घरकाम, मजुरी, शेतकाम करून आलेल्या आहेत, काही तर दोन्ही कामं एकत्र करतात. म्हणजे गरिबी आहेच. पण आमच्याकडे उन्हाळ कांदा काढायला भर एप्रिलच्या उन्हात रोजाने येणाऱ्या बायाही हौसेने येत नाहीत. त्यांची मर्जी गरिबीने आखडलेली आहे म्हणून त्यांना कुणी पोलीस गाडीत घालून तीन वर्षं कोंडत नाही. आपण मजुरी वाढवा म्हणतो, सावली-पाणी द्या म्हणतो, मुकादमाने फसवलं तर तक्रार करता यावी म्हणतो. दोन्ही कामं सारखी आहेत असं मी म्हणत नाही. पर्याय कमी असण्यावरचा उपाय उरलेला पर्यायही काढून घेणं हा नसतो, एवढंच म्हणते.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात याच बाजूने काही पावलं टाकली. घटनेच्या कलम २१ चा सन्मानाने जगण्याचा हक्क या स्त्रियांनाही आहे. कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणं सोडवावीत. या निर्देशांना टक्केवारी लागली नाही. पण ‘पिटा’ची कलमं पुस्तकात आहेत तशीच आहेत, आणि रात्री खोलीवर येणारा हवालदार निर्देश घेऊन येत नाही, कलम घेऊन येतो.

यावर काम करायचं असेल तर

विषय शोधत असाल तर इथे एक खरा प्रश्न पडलेला आहे. सुटकेनंतर गल्लीत भेटणाऱ्यांना विचारण्याऐवजी, संरक्षणगृहात दाखल झालेल्या प्रत्येकीची त्या दिवसापासून नोंद ठेवून दोन-तीन वर्षं मागोवा घ्यायचा. मग छेद पक्का होतो आणि न भेटणाऱ्या किती तेही कळतं. पण लगेच पुढची अडचण: कोठडीत असलेल्या बाईने सही केलेलं संमतिपत्र खरं मानायचं का? आणि सुटून घरी गेलेल्या बाईच्या दारात तुम्ही प्रश्नावली घेऊन उभं राहिलात तर शेजाऱ्यांना काय कळेल? सगळ्यात स्वच्छ पद्धतच इथे तिचं घर मोडू शकते. म्हणून आराखडा लिहिण्याआधी या स्त्रियांच्या संघटनेशी बसून बोला आणि एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये ‘जोखीम नगण्य’ असं लिहू नका. तुम्ही हा मागोवा कसा घ्याल, ते खाली लिहा. दोन-तीन चांगले आराखडे आले तर पुढच्या वेळी त्यांचीच चिकित्सा करू.